मॅट काढण्याआधी

कोल्हापूर,
१२ जानेवारी

चि. ओंकार यास,


परवा सकाळी तुझा फोन आला तेव्हा तिकडे ऑन्टॅरिओत रात्र झाली होती आणि तू अजून जेवला नव्हतास. हॉस्पिटलात नर्स असलेल्या त्या बाईंची गाडी, ड्रायव्हरची सीट गरम होत नाही म्हणून आलेली. तू बैठकीची नवी हीटिंग मॅट मागवलीस, अर्धा दिवस खपून सीटचं कव्हर उतरवलंस, मॅट बसवलीस, बटण दाबलंस, आणि सीट होती तशीच गार. मालक सगळ्यांसमोर बोलले. आणि तू मला विचारलंस, "मामा, आता स्विच बदलू की मॉड्यूल?"

मी एवढंच म्हणालो की काही बदलू नकोस, लिहून पाठवतो. यात आकडे आहेत, आणि आकडे कानावर पडून मुरत नाहीत, कागदावर डोळ्यांसमोर असावे लागतात.

आधी माझं सांगतो. मी ऑन्टॅरिओत गेलो तेव्हा उद्यमनगरातल्या दुकानात डायनमो, स्टार्टर, रिवाइंडिंग यांत दहा वर्षं हात काळे केलेला माणूस होतो. सीट गरम करणारी गाडी मात्र मी त्याआधी पाहिलीच नव्हती. पहिल्याच हिवाळ्यात एका वयस्कर गृहस्थांची गाडी आली, तक्रार हीच. मी मॅट बदलली. नाही चाललं म्हणून स्विच बदलला. तेही नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या गॅरेजातला जुना पोर्तुगीज मेकॅनिक शेजारी येऊन उभा राहिला आणि त्याने एकच विचारलं: मीटरने काय दाखवलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी काही मोजलंच नव्हतं. सीटखालच्या कनेक्टरमधल्या एका पिनेवर हिरवा कळंक चढला होता. मॅटही चांगली होती आणि स्विचही. त्या गृहस्थांनी दोन्हींचे पैसे मुकाट्याने भरले. ते परत करण्याची माझी ऐपत नव्हती, आणि खरं बोलायचा धीरही नव्हता. इतकी वर्षं झाली, त्या गाडीचा रंग मला आजही आठवतो. तुझ्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे पत्र.

काही जणांना वाटतं, सीट गरम होणं म्हणजे श्रीमंती चोचला. वजा वीसच्या पहाटे रात्रपाळी संपवून गाडीत बसणाऱ्या बाईला विचार. इंजिनचं पाणी तापेपर्यंत हीटरमधून गार वाराच येतो. सीटची ऊब दोन-तीन मिनिटांत अंगाला लागते. स्वीडनच्या साब कंपनीने १९७२ मध्ये ड्रायव्हरची सीट गरम करायची सोय गाडीबरोबरच द्यायला सुरुवात केली, ती थंडी काय असते हे ठाऊक होतं म्हणून. आता विजेवरच्या गाड्यांत तर तिचं मोल आणखी वाढलंय. सगळी केबिन तापवायला काही किलोवॉट लागतात, सीटला पन्नास ते शंभर वॉट पुरतात, आणि तेवढी बॅटरी रस्त्यासाठी उरते. तेव्हा हे काम हलकं समजू नकोस.

गाडी पुन्हा आली की पाना हातात घेण्याआधी बाईंशी बोल. सीट कधीच तापत नाही की कधी तापते, कधी नाही? पाठ तापते आणि बैठक गार राहते, असं आहे का? बटणावरचा दिवा लागतो का, लागून राहतो का? गाडी आणखी कोण चालवतं? हा शेवटचा प्रश्न तुला फालतू वाटेल, पण तो विचारच. घरात उंच आणि बुटकं अशी दोन माणसं एकच गाडी चालवत असतील, तर सीट दिवसातून दोनदा पुढे-मागे सरकते, आणि तिच्याबरोबर खालची वायर ताणली जाते, मुडपते, कधी रुळावर घासते. मागे लहान मुलाची सीट बांधताना कोणी पुढच्या सीटवर गुडघा टेकवून वाकत असेल, तर मॅटमधली तार नेमकी गुडघ्याखाली तुटते. कॉफी सांडली होती का, तेही विचार. लोक आपण होऊन हे सांगत नाहीत. आपल्याला लाज वाटेल असं काही विचारत नाहीये, हे त्यांना कळलं की सांगतात.

दिव्याकडे नीट लक्ष दे, तो अर्धं काम करून देतो. बटण दाबलं आणि दिवा लागलाच नाही, तर मॅटचा विचारही मनात आणू नकोस. फ्यूज, स्विचला येणारा करंट, रिले हे आधी बघ. डावी-उजवी सारखीच असेल तर रिलेची अदलाबदल करून बघायला पैसाही लागत नाही. दिवा लागून काही सेकंदांत आपोआप विझला किंवा लुकलुकला, तर सीटचं तापमान सांभाळणाऱ्या मॉड्यूलने काहीतरी ओळखलंय: मॅट तुटलेली असेल, नाहीतर तिच्यातला तापमान मोजणारा थर्मिस्टर तुटला असेल. स्कॅनर लाव, कोड वाच. आणि दिवा ऐटीत लागून राहिला पण ऊब नाही किंवा नावालाच आहे, तर ते दुखणं सगळ्यात फसवं. तू सांगितलंस त्यावरून बाईंच्या गाडीत हेच आहे.

दोन गोष्टी बिघाडासारख्या दिसतात, पण बिघाड नसतात. दहा मिनिटांनी सीट निवते म्हणून लोक येतात. बऱ्याच गाड्यांत मॉड्यूल स्वतःच फुल्लवरून मधल्यावर येतं. दुसरं, बॅटरी थकलेली असली की गाडी आधी ऐषारामाची उपकरणं बंद करते, आणि तिच्या लेखी सीट त्यातच मोडते. कडाक्याच्या थंडीत, रोज पाच-दहा मिनिटांचाच प्रवास करणाऱ्या गाडीची बॅटरी पुरती भरतच नाही. म्हणून सगळ्यात आधी बॅटरीचं व्होल्टेज घे.

आता मुख्य गोष्ट. ही दोनदा वाच.

तू म्हणालास, "मामा, कनेक्टर काढून मीटर लावलं, पूर्ण साडेतेरा व्होल्ट येत होते, म्हणून मॅटच गेली असं धरलं." तू खोटं बोलला नाहीस, मीटरही खोटं बोललं नाही. पण मीटरला जे विचारलं नाही ते मीटर सांगत नाही. आपल्या शेतातली उसाची पाइपलाइन आठव. पाइप निम्मा गाळाने भरलेला असला तरी शेवटचा व्हॉल्व्ह बंद असेपर्यंत त्या टोकाला दाब पूर्ण दिसतो. व्हॉल्व्ह उघडून पाणी वाहायला लागलं की कळतं, धार करंगळीएवढीच आहे. कनेक्टर काढून घेतलेलं माप म्हणजे व्हॉल्व्ह बंद असतानाचा दाब.

हिशेब करून बघ. खरा आकडा त्या गाडीच्या पुस्तकात मिळेल, तोच धर. समजायला सोपं म्हणून मॅट तीन ओहमची धरू. साडेतेरा व्होल्टवर तिच्यातून साडेचार अँपियर वाहतील, म्हणजे साधारण साठ वॉट. सीट छान तापेल. आता वाटेतल्या एका पिनेवर कळंक चढून तिथेच आणखी तीन ओहमचा अडसर तयार झाला असं धर. एकूण सहा ओहम. करंट निम्मा, सव्वादोन अँपियर. पण ऊब निम्मी होत नाही, पाव होते, कारण ती करंटच्या वर्गावर चालते. मॅटला पंधरा वॉट मिळतात. जाड कोट घालून बसलेल्या बाईला ते जाणवणारही नाहीत.

आणि उरलेले? तेवढेच पंधरा वॉट त्या पिनेत जळतात. रिवाइंडिंगच्या दुकानात बारीक कामाला मी वापरायचो ते सोल्डरिंग आयर्न पंधरा वॉटचं होतं. तेवढी उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या पिनेवर, प्लास्टिकच्या खोळीत, गालिच्याच्या वर. सीट गार आहे एवढ्यावर थांबू नकोस. तिची ऊब दुसरीकडे कुठे निघतेय ते शोध. कधी नुसत्या बोटाने कळतं: सीट पाच मिनिटं फुल्लवर ठेवून, गाडी बंद करून, कनेक्टरला हात लाव. तो कोमट लागला तर अर्धा शोध संपला. प्लास्टिक तपकिरी झालं असेल, तर पूर्ण संपला.

तेव्हा माप घ्यायचं ते कनेक्टर जोडलेला ठेवून, सीट फुल्लवर चालू असताना, मागच्या बाजूने बारीक सुई घालून. तेव्हा मॅटच्या दोन टोकांत किती व्होल्ट आहेत, ते बघ. वरच्या उदाहरणात तिथे पावणेसात दिसतील. उरलेले पावणेसात कुठे अडकले ते तुकडे पाडून शोधायचं: मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं मॅटच्या पॉझिटिव्ह पिनेला लाव. मग तसंच अर्थच्या बाजूने, मॅटच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. चांगल्या वाटेवर व्होल्टचे काही दशांश पडतात. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की त्या बाजूला शोधत जा. अर्थची बाजू लोक विसरतात. तिचा बोल्ट बहुतेक वेळा गालिच्याखाली असतो, आणि तुमच्याकडे बुटांबरोबर आत येणारं बर्फाचं पाणी मिठाचं असतं. ते वर्षानुवर्षं तिथेच मुरतं. एक लक्षात ठेव: मॉड्यूल असलेल्या गाडीत करंट कधी तुकड्यातुकड्यांनी सोडला जातो, मीटर सरासरी दाखवतं आणि आकडा कमी दिसतो. म्हणून सीट गार असताना, फुल्लवर, पहिल्या काही मिनिटांतच माप घे.

आणखी एक. तू बैठकीची मॅट बदललीस. पाठीची मोजलीस का? काही गाड्यांत दोन्ही मॅट एकामागे एक जोडलेल्या असतात, आपल्या गणपतीच्या जुन्या माळेसारख्या. एक बल्ब गेला की सगळी माळ अंधारात. पाठीतली तार तुटली असेल, तर बैठकीत दहा नव्या मॅट घातल्या तरी काही होणार नाही. वायरिंगचा नकाशा उघडून आधी बघ, जोडणी कशी आहे.

पिन खराब निघाली तर पॉलिश पेपरने घासून परत जोडू नकोस. महिनाभर चालेल, मग गाडी पुन्हा येईल. नवं टर्मिनल नीट दाबून बसव, श्रिंक ट्यूब चढव, कनेक्टरचं ग्रीस लाव. मॅटमधलीच तार तुटली असेल तर ती सोल्डर करायच्या मोहात पडू नकोस. जोडाची जागा कडक होते, वाकून पुन्हा तुटते, किंवा तिथेच जास्त तापते. आणि फ्यूज पुन्हापुन्हा जातो म्हणून मोठा फ्यूज घालणारा माणूस तुझ्या शेजारी काम करत असला, तरी त्याचं बघून शिकू नकोस.

आता जे सांगतोय, ते मामा म्हणून नाही, उस्ताद म्हणून. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला की हात थांबला पाहिजे. तो एअरबॅगचा किंवा सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचा. त्यात मीटरची सुई घालायची नाही, कधीच नाही. सीट काढायची तर इग्निशन बंद, बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवायचं, गाडीच्या पुस्तकात जितका वेळ थांबायला सांगितलंय तितका थांबायचं, आणि मगच सोडवायचा. सीट बाहेर असताना कोणी कुतूहल म्हणून किल्ली फिरवली, तरी एअरबॅगचा दिवा पेटून बसतो. शेजारच्या सीटमध्ये तर माणूस बसलाय की नाही, किती वजनाचा आहे, हे ओळखणारा सेन्सरही असतो, आणि काही गाड्यांत बैठक उघडली की तो पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो. तो चुकला तर अपघातात एअरबॅग भलत्या वेळी उघडेल किंवा उघडणारच नाही. तू परवा सीट उतरवलीस तेव्हा यातलं काय केलंस, ते मला खरं सांग. रागावणार नाही, पण राहिलं असेल तर ती गाडी तपासायलाच हवी.

आणि गार सीटपेक्षा मला भीती वाटते ती जास्त तापणाऱ्या सीटची. गार सीटवरचा माणूस कुडकुडतो आणि तक्रार करतो. पण मधुमेहाने पायांची संवेदना गेलेला, किंवा मणक्याला इजा झालेला माणूस भाजत असला तरी त्याला कळत नाही. चव्वेचाळीस अंशांना त्वचा साधारण सहा तासांत भाजते, आणि तिथून तापमान थोडं वाढलं तरी तो वेळ झपाट्याने घटतो. अशा रुग्णांच्या मांड्या आणि पुठ्ठे सीटवर भाजल्याचं अमेरिकेतले डॉक्टर बघत आले, आणि २०११ मध्ये त्यांनी आणि सुरक्षिततेसाठी झटणाऱ्यांनी तिथल्या रस्ता सुरक्षा प्रशासनाकडे सीटच्या कमाल तापमानावर मर्यादा घालायची मागणी केली. हे मला का माहीत? मी स्वतः एक अशी सीट उघडली होती. आधीच्या कोणीतरी थर्मिस्टर बिघडला म्हणून त्याच्या जागी एक साधा रेझिस्टर टाकून दिला होता. मॉड्यूलला कायम वाटायचं की सीट गार आहे, आणि ते करंट सोडत राहायचं. कव्हर उसवलं तर खालचा फोम एका जागी गुळाच्या ढेपेसारखा तपकिरी आणि कडक झालेला. त्या गाडीच्या मालकीणबाईंचं नशीब की त्यांना चटका कळत होता आणि त्या वेळेवर आल्या. थर्मिस्टरला फसवायचं नाही. नवा मिळाला नाही तर सीटचं हीटिंग बंद करून, कनेक्टर काढून, गाडी परत दे आणि बिलावर तसं लिही. एकाच जागी जास्त तापतं अशी तक्रार आली, तर दुरुस्तीच्या आधी ते बंद कर.

ही रीत नुसत्या सीटपुरती नाही. आपल्याकडे आता गार वारा सोडणाऱ्या सीटच्या गाड्या दिसतात. इथे कोल्हापुरात परवाच एका मुलाला मी अशा सीटमधला पंखा बदलताना थांबवलं. करंट वाहत असताना मोजायला लावलं, आणि तिथेही अर्थच सैल निघाला.

मालकांच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं हे मला मान्य आहे. पण मोजल्याशिवाय मागवलेल्या भागाचे पैसे कोणीतरी भरतंच, आणि ते ना तू भरतोस ना मालक, त्या बाई भरतात, रात्रपाळी करून. ऑन्टॅरिओचा ग्राहक कायदा तुला कॉलेजात शिकवला असेल: अंदाजपत्रक लेखी द्यायचं, बिल त्याच्या दहा टक्क्यांहून वर न्यायचं नाही, काढलेले जुने भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचे. दुरुस्तीला नव्वद दिवस किंवा पाच हजार किलोमीटर वॉरंटी. जुने भाग परत द्यायचं कलम मला फार आवडतं. बदललेली वस्तू खरंच गेली होती का, याचा पुरावा ते गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतं.

म्हणून आता असं कर. ती जुनी मॅट तू फेकली नाहीस अशी आशा आहे. ती बाकावर सपाट पसर आणि ओहम मोज. वायर हलवून, घडीच्या जागी हलकेच वाकवून पुन्हा मोज. आकडा पुस्तकाप्रमाणे आला, तर मॅट चांगली होती. तसं असेल तर मालकांशी आधी एकटं बोल, मग दोघं मिळून बाईंना सांगा की मॅट बदलायला नको होती, आणि तिचे पैसे धरू नका. मालक नाही म्हणाले तर त्या भागाचे पैसे माझ्याकडून जाऊ देत, तुझ्या पगारातून नकोत. पैशांचं मी बघतो. मी जे केलं नाही, ते तू करावंस असं मला मनापासून वाटतं.

गाडी आली की सीट फुल्लवर ठेवून, कनेक्टर जोडलेला असताना मॅटच्या टोकांना किती व्होल्ट येतात, ते वहीत लिही. मग जुन्या मॅटचे ओहम. हे दोन आकडे मला त्याच दिवशी कळव, इथे मध्यरात्र असली तरी चालेल. ते आल्यावर पुढचं बोलू. तोवर त्या गाडीचा एकही भाग मागवू नकोस.

तुझा,
मामा